तापाआडचा दुसरा ताप : लिनेझोलिड आणि सेरोटोनिन वाढवणारी औषधे

एका रुग्णाची कल्पना करू. वय ५८, मधुमेह जुना. पायाची जखम चिघळत हाडापर्यंत गेली आहे आणि पू तपासायला पाठवल्यावर त्यात नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस जंतू सापडला आहे. म्हणून डॉक्टरांनी लिनेझोलिड सुरू केले : ६०० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा. निर्णय योग्य आहे. हाच रुग्ण तीन वर्षांपासून नैराश्यासाठी सर्ट्रालिन घेतो आहे आणि त्याचा त्याला चांगला उपयोग झाला आहे. तेही योग्य आहे. जखमेच्या वेदनेसाठी ट्रॅमाडॉल चालू आहे, त्यातही वावगे काही नाही. तीन औषधे, तीन कारणे, बहुधा तीन वेगवेगळे डॉक्टर, आणि प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हा रुग्ण बेचैन होतो. घामाने अंथरूण भिजते, नाडी १३० वर जाते, हात थरथरू लागतात, दोनतीन वेळा जुलाब होतात, ताप ३९ अंश सेल्सिअसवर पोचतो आणि बोलणे थोडे असंबद्ध होते. खाटेभोवती उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच विचार येतो : संसर्ग रक्तात पसरतो आहे. मग अँटिबायोटिक अधिक जोमाने चालू ठेवले जाते. या सगळ्या त्रासाचे मूळ त्या गोळीत, खरे म्हणजे त्या गोळीच्या आणि इतर दोन गोळ्यांच्या संगतीत आहे, हे लक्षात यायला वेळ लागतो. कारण ताप, घाम, धडधड आणि भ्रम ही सगळी लक्षणे ज्या आजारासाठी अँटिबायोटिक दिले त्या आजाराचीही असतात. हा त्रास क्वचित होतो, वेळीच ओळखला तर बहुतेक वेळा एकदोन दिवसांत ओसरतो, आणि ओळखला नाही तर जिवावर बेततो. तो ओळखायला अवघड का जातो आणि तरीही कसा ओळखता येतो, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जाऊन सेरोटोनिनपासून सुरुवात करावी लागेल.

सेरोटोनिनचा साठा आणि त्याची विल्हेवाट

सेरोटोनिनला अनेकदा 'आनंदाचे रसायन' म्हटले जाते. हे नाव दिशाभूल करणारे आहे, आणि या विषयात तर विशेषच. १९४८ साली मॉरिस रॅपोर्ट, आर्डा ग्रीन आणि आयर्विन पेज यांनी ते रक्तद्रवातून वेगळे काढले, तेव्हा ते मनाशी संबंधित असेल अशी कोणाला कल्पनाही नव्हती. रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ म्हणून ते शोधले गेले आणि रक्तद्रव व ताण या अर्थांच्या शब्दांवरून त्याचे नाव पडले. शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते आणि तिथे ते आतड्याच्या हालचाली घडवते. मेंदूत ते झोप, भूक, मनःस्थिती आणि शरीराचे तापमान यांच्या नियंत्रणात भाग घेते, आणि मज्जारज्जूत ते स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी किती चटकन चेततील हे ठरवते. ते प्रमाणाबाहेर वाढले की माणूस आनंदी होत नाही. त्याला जुलाब होतात, घाम फुटतो, ताप चढतो आणि त्याचे पाय थडथड उडू लागतात. वरच्या रुग्णाच्या लक्षणांची यादी म्हणजे सेरोटोनिन शरीरात कुठे कुठे काम करते त्याचीच यादी आहे.

निरोगी शरीरात हे प्रमाण कसे आवाक्यात राहते, ते पाहू. चेतापेशी आपल्या टोकाशी सेरोटोनिन अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवते. संदेश आला की काही पिशव्या शेजारच्या पेशीलगतच्या फटीत रित्या होतात. काम झाले की ते सेरोटोनिन तीच पेशी पुन्हा आत ओढून घेते. आत आलेल्या मालाचे दोनच मार्ग असतात : काही पुन्हा पिशव्यांत भरला जातो आणि उरलेला मोनोअमाईन ऑक्सिडेज नावाचे विकर मोडून टाकते. या लांबलचक नावाऐवजी डॉक्टरमंडळी नुसते 'एमएओ' म्हणतात, आपणही तसेच म्हणू.

आता औषधांकडे येऊ. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या गटातली औषधे सेरोटोनिन परत आत ओढण्याची वाट अडवतात. त्यामुळे ते फटीत जास्त वेळ रेंगाळते. नैराश्यावर आणि चिंतेच्या आजारांवर त्यांचा जो उपयोग होतो त्याची सुरुवात इथून होते, आणि एकटी घेतली असता ही औषधे बरीच सुरक्षित असतात, कारण दुसऱ्या बाजूला मोडतोडीचे काम चालू असल्याने साठा बेसुमार वाढत नाही. पण त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या औषधाने एमएओचे काम बंद पाडले, तर पेशीतला माल मोडला जात नाही, पिशव्या तुडुंब भरतात आणि प्रत्येक संदेशागणिक नेहमीपेक्षा जास्त सेरोटोनिन फटीत ओतले जाते. ओतले जाते जास्त आणि उचलले जाते कमी, अशा दुहेरी कोंडीत ते वाढत जाते. यातूनच उद्भवणाऱ्या विकाराला 'सेरोटोनिन सिंड्रोम' म्हणतात. हे नाव रूढ असले तरी त्याला सेरोटोनिनची विषबाधा म्हणणे मला अधिक योग्य वाटते; कारण कमी मात्रेत किंचित थरथर, जास्त मात्रेत जिवाला धोका, असा तो चढत्या श्रेणीचा प्रकार आहे. एखाद्याला तो 'आहे' किंवा 'नाही' असा सरळ हिशेब इथे नसतो.

अँटिबायोटिकचा मेंदूशी काय संबंध?

जंतू मारण्यासाठी बनवलेले औषध मेंदूतल्या विकराला का अडवते, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर क्षयरोगाच्या इतिहासात सापडते. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे नवे औषध देऊन पाहिले जात होते, तेव्हा एरवी मरगळून पडलेले रुग्ण अचानक उत्साही, बोलके आणि भुकेले झालेले दिसले. १९५२ साली अर्न्स्ट झेलर यांनी दाखवून दिले की हे औषध एमएओला रोखते. पुढे तेच नैराश्यावरचे पहिल्या पिढीतले औषध म्हणून वापरात आले आणि यकृताला इजा होते असे दिसल्यावर काही वर्षांतच मागे घेतले गेले. नैराश्यावरच्या औषधांची एक संपूर्ण शाखा अशी जंतूंवरच्या औषधातून फुटलेली आहे.

लिनेझोलिडची कथा याच्या उलट्या दिशेची आहे. ते ज्या रासायनिक कुळातले आहे त्याला ऑक्झाझोलिडिनोन म्हणतात, आणि त्याच कुळातले टोलोक्झाटोन हे औषध एमएओ रोखून नैराश्य कमी करण्यासाठी वापरले गेले आहे. म्हणजे लिनेझोलिडच्या घराण्यातच हा गुण आहे. २००० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जंतूंच्या पेशीत प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे रायबोसोमला, चिकटून ते जंतूंची वाढ थांबवते. एमएओला चिकटण्याचा या कामाशी काही संबंध नाही, रेणूचा आकार तसा असल्यामुळे तेही होते इतकेच. ही पकड सौम्य आहे आणि औषध शरीरातून गेले की सुटते. लिनेझोलिडचे रक्तातले प्रमाण साधारण पाच तासांत निम्मे होते, त्यामुळे शेवटच्या गोळीनंतर दिवसभरात त्याचा प्रभाव जवळपास संपतो. नैराश्यासाठी दिली जाणारी जुनी एमएओ रोधक औषधे या विकराला कायमचे निकामी करतात आणि नवे विकर तयार व्हायला शरीराला सुमारे दोन आठवडे लागतात. तुलनेने लिनेझोलिड मवाळ आहे. त्याचा धोका क्वचित दिसण्याचे एक कारण हेच.

मात्र हे औषध आता फार लोकांपर्यंत पोचते आहे. सुरुवातीला ते रुग्णालयातल्या हट्टी संसर्गांसाठी राखून ठेवलेले असे आणि दहाचौदा दिवसांत थांबवले जाई. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांना न जुमानणाऱ्या क्षयासाठी बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन अशा चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराची शिफारस केली. त्या रुग्णांना लिनेझोलिड महिनोन्‌महिने घ्यावे लागते. दीर्घ आजार, एकटेपणा आणि लोकांनी टाळणे यांमुळे क्षयाच्या रुग्णांत नैराश्य मोठ्या प्रमाणावर आढळते. ज्याला दोन्ही उपचारांची खरी गरज आहे असा माणूस म्हणूनच अपवाद राहिलेला नाही. त्याला नैराश्यावरचे औषध नाकारणे हा सोपा मार्ग वाटेल, पण खचलेला रुग्ण क्षयाचे उपचार अर्धवट सोडण्याची शक्यता असते, हे विसरून चालणार नाही.

कोणती अँटिबायोटिक्स, आणि कोणती नाहीत

इथे घाबरून जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी : नेहमीची बहुतेक अँटिबायोटिक्स एमएओला हात लावत नाहीत. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन कुळातली औषधे, सेफॅलोस्पोरिन, डॉक्सीसायक्लिन, व्हॅन्कोमायसिन यांच्याबाबत या विशिष्ट धोक्याची काळजी करण्याचे कारण नाही. नैराश्यावरची गोळी घेणाऱ्या माणसाने घशाच्या संसर्गासाठी अमॉक्सिसिलिन घ्यायला कचरू नये.

एमएओ रोखणाऱ्यांत लिनेझोलिड हे मुख्य नाव. त्याचेच धाकटे भावंड टेडिझोलिड २०१४ साली वापरात आले. त्याची मात्रा कमी, दिवसातून एकदा २०० मिलिग्रॅम, आणि प्रत्यक्षात एमएओवरचा प्रभावही कमी दिसतो. जुलाबांवर दिले जाणारे फ्युराझोलिडोन हे जुने औषधही काही दिवस सलग घेतल्यास एमएओ रोखू लागते, आणि जुने असल्यामुळेच त्याची ही बाजू अनेकदा विस्मरणात जाते. मिथिलीन ब्लू हे अँटिबायोटिक नव्हे. ते निळे रंगद्रव्य असून रक्तातल्या एका विकारावर आणि काही शस्त्रक्रियांत ते शिरेतून देतात. पण एमएओ रोखण्यात ते लिनेझोलिडपेक्षा कितीतरी जोरकस आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०११ मध्ये लिनेझोलिड आणि मिथिलीन ब्लू या दोघांविषयी इशारे दिले, ते याच कारणाने.

दुसरा एक आडवाटेचा प्रकार आहे. काही अँटिबायोटिक्स सेरोटोनिनला स्पर्श करत नाहीत, पण सेरोटोनिन वाढवणाऱ्या औषधाचा निचरा करणाऱ्या यकृतातल्या विकरांना अडवतात, आणि मग त्या औषधाची नेहमीची मात्राच जास्त होऊन बसते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन घेतल्यावर ड्युलोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधाचे रक्तातले प्रमाण वाढू शकते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यांच्यामुळे बुस्पिरोन हे चिंतेवरचे औषध आणि फेंटानिल हे वेदनाशामक रक्तात वाढू शकते. यातून सेरोटोनिनची तीव्र विषबाधा होणे विरळ असले, तरी आधीच दोनतीन औषधे चालू असतील तर ही भर निर्णायक ठरू शकते. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे अँटिबायोटिक याच्या बरोबर उलटे वागते : ते यकृताला इतके कामाला लावते की सर्ट्रालिनसारखे औषध लवकर निचरून जाते आणि आटोक्यात असलेले नैराश्य पुन्हा डोके वर काढते. शिवाय सिटॅलोप्राम आणि एस्सिटॅलोप्राम यांच्यासोबत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिले तर हृदयाच्या ठोक्यांची विद्युतलय बिघडण्याचा वेगळा धोका असतो. तो सेरोटोनिनचा नव्हे, पण औषधांची जोडी जवळपास तीच असल्यामुळे इथे सांगितला.

नैराश्यावरच्या गोळ्यांपलीकडे

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या भागाची. 'तुम्ही मानसिक आजाराचे काही औषध घेता का?' असे विचारून डॉक्टर पुढे जातात, रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो, आणि तरीही त्याच्या पिशवीत सेरोटोनिन वाढवणारे औषध असते. ट्रॅमाडॉल हे त्यातले ठळक उदाहरण. ते वेदनाशामक म्हणून ओळखले जाते, पण वेदना कमी करण्याच्या त्याच्या दोन तऱ्हांपैकी एक म्हणजे सेरोटोनिन परत आत ओढण्याची वाट अडवणे. पेथिडिन, मेथाडोन आणि काही प्रमाणात फेंटानिल याच पंक्तीत बसतात. मॉर्फिनमध्ये हा दोष जवळजवळ नाही. कोरड्या खोकल्याच्या औषधांत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असते आणि ते बहुतेक लोकांच्या लेखी 'औषध' या सदरातच येत नाही, म्हणून सांगायचे राहते. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिले जाणारे ड्युलोक्सेटिन, सक्तीच्या विचारांच्या आजारासाठीचे क्लोमिप्रामिन, मनःस्थितीच्या चढउतारांसाठीचे लिथियम, 'नैसर्गिक' म्हणून विनाचिठ्ठी घेतले जाणारे सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती, आणि नशेसाठी घेतले जाणारे एमडीएमए, ही सगळी या यादीत आहेत. नशेचा उल्लेख रुग्ण नातेवाइकांसमोर करणार नाही, म्हणून तो प्रश्न एकांतात विचारावा लागतो.

पेथिडिनच्या संदर्भात एक प्रसंग वैद्यकाच्या इतिहासात कोरला गेला आहे. मार्च १९८४ मध्ये १८ वर्षांची लिबी झायन ही मुलगी ताप आणि कानदुखी घेऊन न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दाखल झाली. ती नैराश्यासाठी फेनेल्झिन हे एमएओ रोधक औषध घेत होती. रात्री तिची थरथर आणि अस्वस्थता थांबवण्यासाठी तिला पेथिडिन दिले गेले. अस्वस्थता वाढली तेव्हा तिला खाटेला बांधून ठेवले गेले, आणि पहाटे ताप ४१ अंशांच्या पुढे जाऊन काही तासांतच ती दगावली. मृत्यूच्या नेमक्या कारणावर न्यायालयात आणि बाहेर वर्षानुवर्षे वाद झाला, पण या दोन औषधांच्या संयोगाकडे बोट दाखवले जाते. या प्रकरणानंतर न्यूयॉर्क राज्याने १९८९ साली निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास आठवड्याला ८० पर्यंत मर्यादित केले आणि चर्चा थकव्याकडे वळली. ते योग्यच होते. मला मात्र या प्रसंगात दुसरी गोष्ट दिसते : दाखल होताना तिला विषाणूचा ताप असल्याचे समजले गेले होते, आणि थरथर त्या तापाचीच मानली गेली होती.

पायाकडे पाहा

आपल्या रुग्णाच्या खाटेपाशी परत येऊ. ताप, नाडी, घाम आणि भ्रम यांवरून रक्तात पसरलेला संसर्ग आणि सेरोटोनिनची विषबाधा यांत फरक करता येत नाही. फरक दिसतो तो स्नायूंत, आणि हातांपेक्षा पायांत अधिक. तपासणारा डॉक्टर रुग्णाचा गुडघा किंचित वाकवून पोटरीखाली हात देतो, दुसऱ्या हाताने तळपाय धरतो आणि पाऊल झटकन वर, नडगीच्या दिशेने ढकलून तसेच दाबून धरतो. निरोगी माणसाचे पाऊल तिथेच शांत राहते. सेरोटोनिन वाढलेल्या माणसाचे पाऊल त्या हाताविरुद्ध आपोआप ठोके देऊ लागते, खाली, वर, खाली, वर, जणू शिवणयंत्राचे पायटे चालवावे तसे, आणि हात काढेपर्यंत ते थांबत नाही. याला क्लोनस म्हणतात. गुडघ्याखाली रबरी हातोडीचा हलका ठोका दिला तर पाय एरवीपेक्षा कितीतरी जोरात उडतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, आणि बोटामागे नजर फिरवायला सांगितले तर कधीकधी बुबुळेही अशीच ठोके देतात. पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्यांची गुडगुड वाढलेली ऐकू येते. रक्तातला संसर्ग माणसाला थंडी वाजवून थरथरवतो, पण त्याच्या पावलाला असे लयीत नाचवत नाही. या तपासणीला अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ लागतो आणि कोणतेही यंत्र लागत नाही.

२००३ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मांडलेले हंटर निकष आज निदानासाठी सर्वाधिक वापरले जातात आणि त्यांचा कणा हा क्लोनसच आहे. सेरोटोनिन वाढवणारे औषध घेतलेल्या माणसाला आपोआप क्लोनस होत असेल तर निदान पक्के. पाऊल दाबल्यावर किंवा डोळ्यांत क्लोनस दिसत असेल आणि जोडीला बेचैनी किंवा घाम असेल, तरी पक्के. थरथर आणि वाढलेल्या प्रतिक्षिप्त क्रिया एकत्र असतील, तरीही. या विकाराची रक्ततपासणी नाही. रक्तातले सेरोटोनिन मोजून काही कळत नाही, कारण त्रास चेतापेशींमधल्या फटींत असतो. एक सावधगिरी मात्र हवी : विषबाधा फार तीव्र झाली की स्नायू इतके ताठरतात की क्लोनस झाकला जातो, आणि नेमक्या सर्वांत गंभीर रुग्णात ही खूण हरवू शकते.

वेळेचा हिशेबही मदत करतो. औषध सुरू केल्यावर, मात्रा वाढवल्यावर किंवा दुसरे औषध जोडल्यावर बहुतेक वेळा २४ तासांच्या आत लक्षणे दिसतात, निम्म्याहून अधिक रुग्णांत तर सहा तासांच्या आत. लिनेझोलिडबाबत ती काही दिवसांनी उद्भवल्याचीही उदाहरणे आहेत, विशेषतः मधेच ट्रॅमाडॉलसारखे तिसरे औषध सुरू झाले असेल तेव्हा.

उपचाराचा पहिला भाग म्हणजे कारणीभूत औषधे थांबवणे. दुसरा, लोराझेपाम किंवा डायझेपामसारखी औषधे देऊन स्नायू आणि मन शांत करणे, आणि शिरेतून द्रव देणे. सायप्रोहेप्टाडिन हे ॲलर्जीवरचे जुने औषध सेरोटोनिनला विरोध करते, म्हणून ते १२ मिलिग्रॅमच्या पहिल्या मात्रेने पोटातून दिले जाते. त्याचा पुरावा भक्कम नसला तरी ते सर्रास वापरले जाते. दोन गोष्टी मात्र इथे नेहमीच्या सवयीच्या विरुद्ध आहेत. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, कारण तो मेंदूतल्या तापनियंत्रकाने वाढवलेला नसतो. ताठरलेले स्नायू अविश्रांत काम करून ती उष्णता निर्माण करतात, म्हणून स्नायू सैल पडल्यावरच ताप उतरतो. आणि बेचैन रुग्णाला खाटेला बांधणे घातक ठरू शकते, कारण बंधनाविरुद्ध झगडताना स्नायू आणखी तापतात. ताप ४१ अंशांच्या पुढे गेला तर रुग्णाला भूल देऊन, स्नायू पूर्ण शिथिल करून कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते.

धोका किती मोठा?

इतके वाचल्यावर वाटेल की ही औषधे एकत्र देणे म्हणजे अपराधच. तसे नाही, आणि हे तितक्याच ठामपणे सांगणे गरजेचे आहे. कॅनडातल्या ओन्टारिओ प्रांतात लिनेझोलिड घेतलेल्या १,१३४ ज्येष्ठ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २१५ जण, म्हणजे सुमारे १९ टक्के, नैराश्यावरचे औषधही घेत होते. संपूर्ण गटात सेरोटोनिन सिंड्रोम झालेले रुग्ण सहापेक्षा कमी निघाले, अर्ध्या टक्क्याहूनही कमी, आणि नैराश्यावरचे औषध घेणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक असल्याचे दिसले नाही. सौम्य प्रकार नोंदलेच गेले नसतील, ही शंका अशा अभ्यासांबाबत राहतेच. क्लोनस कोणी तपासलाच नाही तर तो कागदावर येणार कसा? तरीही या आकड्यांचा अर्थ उघड आहे. ज्या जंतूवर दुसरे औषध चालत नाही त्याच्यासाठी लिनेझोलिड नाकारणे, ते देऊन लक्ष ठेवण्यापेक्षा बऱ्याचदा जास्त धोक्याचे असते.

म्हणून प्रत्यक्षात निर्णय असा होतो. व्हॅन्कोमायसिन किंवा डॅप्टोमायसिन चालण्यासारखे असेल तर ते निवडता येते, पण दोन्ही शिरेतून द्यावी लागतात, व्हॅन्कोमायसिनला मूत्रपिंडांची काळजी घ्यावी लागते आणि डॅप्टोमायसिन न्यूमोनियात निरुपयोगी ठरते. लिनेझोलिडच द्यायचे ठरले, तर ज्यांना सहज पर्याय आहे ती औषधे आधी काढावीत : ट्रॅमाडॉलऐवजी दुसरे वेदनाशामक, डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे खोकल्याचे औषध बंद. नैराश्यावरची गोळी थांबवायची की चालू ठेवून रोज पाऊल तपासायचे, हे रुग्णाचा मानसिक आजार किती तीव्र होता, मात्रा किती आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी आहे का, यांवर ठरते, आणि ते गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. रुग्णाने हा लेख वाचून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन एकाएकी सोडल्यावर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे आणि मूळ आजार उलटणे हे त्रास होतात. शिवाय, आज सोडले म्हणून धोका आज संपत नाही. त्याने करायचे ते एवढेच : डॉक्टरांना सगळी औषधे दाखवायची, आणि दोन्ही औषधे चालू असताना थरथर, अनावर घाम, जुलाब, बेचैनी किंवा ताप यांपैकी काही सुरू झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठून दोन्ही औषधांची नावे सांगायची.

धोका आज का संपत नाही, हे फ्लुओक्सेटिनवरून नीट कळते. ते यकृतात मोडल्यावर जो पदार्थ तयार होतो तोही तितकाच कार्यक्षम असतो आणि त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच आठवडा किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. महिन्यापूर्वी फ्लुओक्सेटिन सोडलेला माणूस 'सध्या काही चालू नाही' असे सांगतो तेव्हा तो खरेच सांगत असतो, आणि तरीही औषध त्याच्या शरीरात असते. म्हणून लिनेझोलिड सुरू करताना 'गेल्या पाच आठवड्यांत काय काय घेतले?' असा प्रश्न हवा, आणि उत्तर आठवणीवर न सोडता गोळ्यांची पाकिटे, खोकल्याच्या बाटलीसकट, समोर मांडून घ्यावे. अमेरिकी औषध प्रशासनाचा २०११ चा सल्लाही याच हिशेबावर बेतलेला आहे : लिनेझोलिडसाठी नैराश्यावरचे औषध थांबवले असेल तर रुग्णावर दोन आठवडे, फ्लुओक्सेटिन असेल तर पाच आठवडे, किंवा लिनेझोलिडच्या शेवटच्या मात्रेनंतर २४ तास, यांतले जे आधी पूर्ण होईल तोवर लक्ष ठेवावे.

आपल्या रुग्णाच्या बाबतीत त्या संध्याकाळी कोणीतरी पांघरूण बाजूला सारून त्याचे बरे असलेले पाऊल वर ढकलले आणि ते ठोके देऊ लागले, असे धरू. लिनेझोलिड, ट्रॅमाडॉल आणि सर्ट्रालिन तिन्ही थांबतात, शिरेतून लोराझेपाम दिले जाते, वेदनेसाठी मॉर्फिन आणि जंतूसाठी व्हॅन्कोमायसिन सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाय शांत होऊन ताप उतरतो. लिनेझोलिडची शेवटची गोळी सोमवारी रात्री नऊला घेतली असेल, तर मंगळवारी रात्री नऊला २४ तास पूर्ण होतात; लक्षणे पूर्ण गेलेली असतील तर त्यानंतर सर्ट्रालिन पुन्हा सुरू करता येते, आणि त्याच्या औषधपत्रिकेवर मानसोपचारतज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि परिचारिका अशा तिघांनाही दिसेल अशा जागी लिनेझोलिडची नोंद केली जाते.